खिडकीने रुग्ण बरा होतो का?

गेल्या उन्हाळ्यात आम्हा तिघा-चौघा शिक्षकांना माधवनगरच्या बाजूला एका लहान रुग्णालयात काही दिवस जा-ये करावी लागली. आमच्या एका सहकारी बाईंच्या सासूबाई मांडीचे हाड मोडून तिथे दाखल होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. खोलीत तीन खाटा होत्या. खिडकी होती, पण वातानुकूलन यंत्र बसवताना तिची तावदाने स्क्रूने बंद करून टाकलेली होती आणि काचेवर दुधी कागद चिकटवलेला होता. ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू. आक्कांच्या खाटेसमोर भिंतीवर एक मोठे छायाचित्र होते. त्यात बर्फाचे डोंगर, सूचिपर्णी झाडे आणि एक धबधबा. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाल्या, "मास्तर, ह्या भिताडाकडं किती बघत पडू? तिकडं तोंड करून द्या की." तिकडे म्हणजे बंद खिडकीकडे.

खालच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीशेजारी एक चौकट टांगलेली होती. झाडे दिसणाऱ्या खोलीतले रुग्ण लवकर बरे होतात असे परदेशी संशोधनाने सिद्ध केले आहे, म्हणून या रुग्णालयाच्या प्रत्येक खोलीत निसर्गाचे चित्र लावले आहे, असा त्या मजकुराचा आशय होता. वाचून आम्हाला हसू आले आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटली. कारण हेच 'संशोधन' आम्ही स्वतः वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. वृक्षारोपणाचा कार्यक्रम आला की हमखास. आणि आमच्यापैकी एकानेही मूळ निबंध वाचलेला नव्हता.

तो मग मिळवून वाचला. जेमतेम दोन पानांचा आहे. २७ एप्रिल १९८४ च्या 'सायन्स' या साप्ताहिकात तो प्रसिद्ध झाला. लेखक रॉजर उलरिक हे तेव्हा अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या भूगोल विभागात होते. वैद्यक नव्हे, भूगोल! इतका थोडका आणि इतका वाचनीय शोधनिबंध क्वचित सापडतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शब्दकोश हाताशी देऊन तो वाचायला लावावा अशी आमची शिफारस आहे. पण त्याची जी कीर्ती झाली आहे ती आणि त्यात जे लिहिले आहे ते, यांत बरेच अंतर आहे.

आधी त्यात काय आहे ते पाहू. पेनसिल्व्हानिया राज्यातील एका उपनगरी रुग्णालयात एका इमारतीच्या दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यावर एकाच बाजूला ओळीने खोल्या होत्या. खोल्या जवळजवळ सारख्या, खिडक्याही सारख्या. फरक एवढाच की काही खिडक्यांतून थोडीशी झाडे दिसत आणि काहींतून समोरची विटांची तपकिरी भिंत. उलरिक यांनी १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची जुनी कागदपत्रे काढली. त्यांतही फक्त १ मे ते २० ऑक्टोबर या काळातली. का? कारण ती झाडे पानझडी होती, हिवाळ्यात त्यांवर पान नसे. निष्पर्ण झाडांचा काळ हिशेबात धरला तर तुलनाच बिघडली असती. पद्धतीचा विचार म्हणजे काय असतो ते विद्यार्थ्यांना दाखवायला एवढे एक उदाहरण पुरे.

मग त्यांनी जोड्या लावल्या. झाडाच्या बाजूचा एक रुग्ण आणि भिंतीच्या बाजूचा एक. दोघांचे लिंग सारखे, वय जवळपास सारखे, धूम्रपानाची सवय सारखी, स्थूलपणा सारखा, मजला सारखा. अशा २३ जोड्या जमल्या. म्हणजे एकूण ४६ माणसे. दहा वर्षांच्या कागदपत्रांतून एवढीच. कागदपत्रांतून माहिती उतरवून घेणाऱ्या परिचारिकेला कोणता रुग्ण कोणत्या बाजूचा हे सांगितलेले नव्हते.

निष्कर्ष असे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातला मुक्काम झाडाच्या बाजूला सरासरी ७.९६ दिवस आणि भिंतीच्या बाजूला ८.७० दिवस. परिचारिकांनी 'रडते आहे', 'फार धीर द्यावा लागतो' अशा अर्थाचे जे शेरे लिहिले होते ते झाडाच्या बाजूला माणशी १.१३ आणि भिंतीच्या बाजूला ३.९६. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत झाडाच्या बाजूच्या रुग्णांनी तीव्र वेदनाशामके कमी घेतली. पहिल्या दिवशी आणि सहाव्या-सातव्या दिवशी असा फरक दिसला नाही. पहिल्या दिवशी माणूस गुंगीतच असतो, खिडकीबाहेर पाहणार कोण! आणि आठवडा संपत आला की दुखणे ओसरलेले असते. म्हणजे फरक जिथे पडायला हवा तिथेच पडला. हा तपशील आम्हाला फार बोलका वाटतो आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ७.९६ आणि ८.७० यांतला फरक ०.७४ दिवसाचा, म्हणजे साधारण १८ तासांचा आहे. पण रुग्णाला घरी सोडण्याचा निर्णय डॉक्टर दिवसातून एकदा फेरीच्या वेळी घेतात. तेव्हा 'शरीर १८ तास आधी बरे झाले' असा त्याचा अर्थ होत नाही. काही रुग्णांना एक दिवस आधी सोडले, एवढाच होतो. आणि तो निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना, शेरे लिहिणाऱ्या परिचारिकांना, कोण कोणत्या खोलीत आहे ते उघड माहीत होते. त्यांच्याही डोळ्यांसमोर ती झाडे किंवा ती भिंत होतीच. रडणाऱ्या रुग्णाचा शेरा लिहिणारी परिचारिका स्वतः कोणत्या मनःस्थितीत होती? हे कागदपत्रांतून कळायला मार्ग नाही.

दुसरे असे की खोल्या चिठ्ठ्या टाकून दिलेल्या नव्हत्या. जी रिकामी होईल ती दिली जाई. यात पक्षपात झालाच असे नाही, पण झाला नाही याची हमीही नाही. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. समोर भिंत असलेल्या खोलीत केवळ झाड दिसत नाही असे नाही, तिथे उजेडही बहुधा कमी येतो. निबंधात उजेडाचे मोजमाप नाही. मग परिणाम झाडाचा की उजेडाचा? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे आपण आठवीत शिकवतो. इथे दोन बदलल्या असण्याची शक्यता आहे.

हे दोष दाखवून उलरिक यांना खाली पाडावे असा आमचा हेतू नाही. उलट त्यांनी स्वतःच निबंधाच्या शेवटी हात आखडता घेतला आहे. ते म्हणतात की ही भिंत अगदीच एकसुरी होती, तेव्हा हा निष्कर्ष सगळ्याच इमारतींच्या देखाव्यांना लावू नये. सगळ्या प्रकारच्या रुग्णांनाही लावू नये. जे फार दिवस पडून आहेत आणि कंटाळले आहेत, त्यांना झाडांपेक्षा गजबजलेला रस्ता अधिक उपकारक ठरेलही. मूळ लेखकाने घातलेला हा लगाम पुढे प्रसिद्धी करणाऱ्यांनी सोडून दिला. आम्हीही सोडून दिला. आणि धबधब्याच्या छायाचित्राचा तर या निबंधाशी काहीच संबंध नाही. त्यात खिडक्यांची तुलना आहे, चित्रांची नाही.

हाच प्रयोग आज पुन्हा करून पाहता येईल का? जवळजवळ नाही. पित्ताशयाची शस्त्रक्रिया आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. दुसरा ते पाचवा दिवस रुग्णालयात उरलेलाच नाही. पण पुढे इतर रुग्णांवर अभ्यास झाले. मेंदूत रक्तस्राव होऊन अतिदक्षता विभागात आलेल्या रुग्णांची न्यूयॉर्कमधील पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. खिडकीच्या आणि बिनखिडकीच्या खोल्यांतील रुग्णांच्या प्रगतीत तिच्यात फरक आढळला नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकी असो वा नसो, तिच्यातून निसर्ग दिसो वा न दिसो, मुक्काम, मृत्यू आणि खर्च यांत सुधारणा दिसली नाही. फिलाडेल्फियाही पेनसिल्व्हानियातच आहे. एकाच राज्यात ४६ रुग्ण एक सांगतात आणि हजारो रुग्ण दुसरे. अर्थात अतिदक्षतेतला रुग्ण बहुधा शुद्धीतच नसतो, तेव्हा एकाने दुसऱ्याचे खंडन झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण 'सिद्ध झाले आहे' हे शब्द त्या चौकटीतून पुसायला हवेत.

आमच्या मते सगळा घोळ 'खिडकी' या एका शब्दाने केला आहे. खिडकी तीन वेगळी कामे करते. ती देखावा दाखवते, उजेड आत घेते आणि हवा खेळवते. तिन्ही कामांचे पुरावे वेगवेगळे आहेत, आणि एका कामाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. आक्कांच्या खोलीतली खिडकी यांपैकी एकही काम करीत नव्हती. तरी कागदोपत्री त्या खोलीला खिडकी होती!

उजेडाकडे वळू. २००५ साली पिट्सबर्गच्या (हेही पेनसिल्व्हानियातच) एका रुग्णालयातली पाहणी प्रसिद्ध झाली. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेले ८९ रुग्ण होते. इमारतीची एक बाजू उजळ होती. दुसऱ्या बाजूला शेजारच्या इमारतीची सावली. इथे मात्र उजेड मोजला होता, आणि उजळ बाजूला तो सरासरी ४६ टक्के अधिक होता. त्या बाजूच्या रुग्णांनी तासामागे २२ टक्के कमी वेदनाशामके घेतली. त्याआधी १९९६ साली कॅनडातील एडमंटन शहरातून अशी नोंद आली होती की नैराश्याचे रुग्ण उन्हाच्या खोलीत सरासरी १६.९ दिवस राहिले आणि अंधाऱ्या खोलीत १९.५ दिवस.

मग सांगली-माधवनगरात रुग्णालय बांधताना सगळ्या खोल्यांत ऊन येईल असे पाहावे का? इथे भूगोलाच्या शिक्षकांनी पुढे यावे. एडमंटन साधारण ५३.५° उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २२ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून १३° वर येतो. तिथल्या माणसाला ऊन म्हणजे पर्वणी. आपली सांगली १६.८५° वर. त्याच दिवशी आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य सुमारे ५०° वर असतो. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येतो, आणि मधल्या काळात माध्यान्हीला चक्क उत्तरेकडे असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पश्चिमेच्या खोलीत हाड मोडून पडलेल्या माणसाला 'कॅनडात उन्हाने बरे वाटते' असे सांगणे क्रूरपणाचे होईल.

त्यामुळे आपल्याकडे प्रश्न ऊन टाळून उजेड घेण्याचा आहे. त्याचे गणित सोपे आहे. दक्षिणेच्या भिंतीत १२० सें.मी. उंचीची खिडकी आणि तिच्या माथ्यावर ६० सें.मी. पुढे आलेला छज्जा समजा. २१ मार्चला माध्यान्हीचा सूर्य ७३° वर असतो. ६० ला ७३° च्या स्पर्शज्येने म्हणजे 'टॅन'ने गुणले की सावलीची लांबी १९६ सें.मी. येते, सगळी खिडकी सावलीत. डिसेंबरात हीच सावली सुमारे ७० सें.मी. भरते, म्हणजे खालच्या ५० सें.मी. मधून कोवळे ऊन खोलीत येते. थंडीत ते हवेच असते. आता तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर लावून पाहा. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला सूर्य ३०° च्या आसपास असतो आणि सावली पडते जेमतेम ३५ सें.मी. पश्चिमेला छज्जा निरुपयोगी आहे. तिथे झाड हवे, उभे पडदे हवेत किंवा व्हरांडा. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांना आणि शाळांना व्हरांडे होते ते शोभेसाठी नव्हते. आताच्या इमारतींत त्या व्हरांड्याची खोली होते, कारण चौरस फुटाला भाव आहे.

आणखी एक समजूत तपासायला हवी. 'उन्हाने जंतू मरतात' हे खरे आहे. क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली बर्लिनच्या वैद्यक परिषदेत सांगितले होते की थेट उन्हात हे जंतू थराच्या जाडीप्रमाणे काही मिनिटांत ते काही तासांत मरतात, आणि खिडकीजवळच्या नुसत्या उजेडातही काही दिवसांत मरतात. पण जंतूंना मारण्यात ज्या आखूड लांबीच्या अतिनील किरणांचा वाटा मोठा असतो, ते साध्या काचेत बहुतांशी अडतात. बंद काचेतून आलेल्या उन्हाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आता हवा. या विषयात आपला जिल्हा परका नाही. माधवनगरहून रेल्वेने निघाले की सांगली, मग विश्रामबाग आणि मग मिरज. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, आणि पुढे सांगली व मिरज यांच्यामध्ये, गावांपासून दूर, मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. तीच आजची वानलेसवाडी. साताऱ्याकडे पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली असेच आरोग्यधाम काढले, ते 'बेल एअर'. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा हाच उपचार. घरोघरी 'हवापालट' हा शब्द होता. डॉक्टर हवापालट सांगत आणि ज्यांना परवडे ते पाचगणी गाठत.

या विचाराच्या मुळाशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आहेत. रुग्णालयांवरचे त्यांचे पुस्तक १८५९ चे. लांबट दालन, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, दोन खिडक्यांमध्ये खाट, हा त्यांचा आराखडा जगभर पसरला. गंमत अशी की रोग दूषित हवेच्या वासामुळे होतात अशी त्यांची धारणा होती. जंतुसिद्धांत अजून रुजायचा होता. कारण चुकीचे, पण खिडकी बरोबर! विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा होते, आणि म्हणूनच उपाय चालला म्हणजे स्पष्टीकरणही खरे, असे धरून चालत नाही.

आरोग्यधामांचे पुढे काय झाले? १९५० नंतर क्षयावर गुणकारी औषधे हाती आली, आणि १९५६ पासून मद्रासला एक धाडसी प्रयोग झाला. क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट आरोग्यधामात, मोकळ्या हवेत, चांगल्या आहारावर. दुसरा गट आपापल्या घरी, दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर. औषधे दोन्हींना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. एका भारतीय प्रयोगाने साऱ्या जगाचे क्षयाविषयीचे धोरण बदलले. हवापालटाची कल्पना तिथे संपली. आम्हाला हा प्रयोग उलरिक यांच्या निबंधापेक्षा कितीतरी भक्कम वाटतो, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख सापडत नाही याचे वाईट वाटते.

पण त्यातून एक चुकीचा धडाही घेतला गेला. मोकळ्या हवेने रुग्ण बरा होत नाही, तर मग मोकळी हवा हवी कशाला? छत खाली आले, खिडक्या लहान झाल्या. इथे एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. खिडकी त्या रुग्णासाठी नसेल, पण शेजारच्या माणसासाठी असेल का?

याचे उत्तर २००७ साली पेरू देशातल्या लिमा शहरातून आले. एस्कोम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांत कार्बन डायऑक्साइड वायू सोडून तो किती वेळात निघून जातो ते मोजले. तासाभरात खोलीतली हवा किती वेळा बदलते, हे याचे माप. त्यालाही आपण 'हवापालट'च म्हणू. शब्द तयारच आहे, नवा कशाला घडवा? खिडक्या-दारे उघडी असताना तासाला २८ हवापालट मिळाले. यंत्राने हवा खेळवणाऱ्या, संसर्गासाठी खास बांधलेल्या खोल्यांचे माप १२ धरले जाते. दारे-खिडक्या बंद असताना मिळाले ते २८ च्या अठराव्या हिश्शाएवढे. आणि ५० वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तासाला ४०, तर नव्या, बुटक्या खोल्यांत खिडक्या उघडूनही १७. जुने दवाखाने नव्यांपेक्षा सरस ठरले!

या आकड्यांचा अर्थ विद्यार्थ्यांना असा सांगता येईल. क्षयाचा रुग्ण खोकला आणि निघून गेला. खोलीतली हवा चांगली ढवळली जाते असे धरा. दहा मिनिटांनी हवेत किती जंतू उरतील? तासाला दीड हवापालट असेल तर ७८ टक्के. बारा असतील तर साधारण १४ टक्के. अठ्ठावीस असतील तर एक टक्का. ज्यांनी किरणोत्सर्गाचा ऱ्हास शिकवला आहे त्यांना हे सूत्र ओळखीचे वाटेल, ते तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नैसर्गिक वायुवीजनाची मार्गदर्शिका काढली. तिच्यात साध्या दालनात माणशी सेकंदाला ६० लिटर हवा सांगितली आहे. चार बाय पाच मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या खोलीत दोन रुग्ण असतील तर हे तासाला सुमारे सात हवापालट होतात. बंद तावदाने आणि भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र असेल तर? असे घरगुती धाटणीचे यंत्र बाहेरची हवा आत घेत नाही. आतलीच हवा गार करून पुन्हा सोडते. गारवा मिळतो, हवापालट होत नाही. हे आमच्या स्वतःच्या शाळेतल्या संगणक कक्षालाही लागू आहे.

लिमाच्या आकड्यांवर आमचे आक्षेप आहेतच. तिथली हवा सौम्य. तिथे खिडकी उघडी ठेवणे सोपे. आपल्याकडे मेमधली झळ, पावसाळ्यातले डास, रस्त्याची धूळ. रात्री लोक खिडकी लावून घेतातच. वारा पडला की हवापालटही पडतो. डासांची जाळी बसवली की तो आणखी घटतो. म्हणून नुसत्या खिडकीवर विसंबणे बरोबर नाही. छताजवळ झरोके आणि समोरासमोरच्या भिंतींत वाट हवी. पण या आक्षेपांनी आकडा २८ वरून निम्म्यावर आला तरी तो बंद खोलीच्या कैक पट राहतो.

आणि सर्वांत मोठी खिडकी कुठे हवी? सगळे आराखडे रुग्णाच्या खोलीचा विचार करतात. पण क्षयाचा रुग्ण औषधे सुरू झाल्यावर फार काळ संसर्ग देत नाही. धोका असतो तो निदान न झालेल्या, उपचार न घेतलेल्या माणसाकडून. आणि तो खाटेवर नसतो, तो बाह्यरुग्ण विभागातल्या बाकड्यावर खोकत बसलेला असतो, शेजारी कुणाची तरी गरोदर सून, कुणाचे तरी लहान मूल. माधवनगरच्या त्या रुग्णालयात ही जागा जिन्याखाली होती. तिला खिडकी नव्हती. तिथेच ती झाडांची चौकट टांगलेली होती.

देखाव्याविषयी एक प्रत्यक्ष मोजमाप सांगून थांबतो. खिडकी असली म्हणजे पडलेल्या माणसाला बाहेरचे दिसतेच असे नाही. उलरिक यांच्या रुग्णालयात खिडकीची खालची कड जमिनीपासून ७४ सें.मी. वर होती. खाटेवर उशीला डोके टेकलेल्या माणसाचा डोळा साधारण ८५ सें.मी. वर असतो, म्हणजे त्याला आडवे पडून बाहेर पाहता येत होते. आक्कांच्या खोलीत ती कड १५० सें.मी. वर आहे आणि खाट दोन मीटरवर. डोळ्यापासून कडेपर्यंत ६५ सें.मी. चढ, दोन मीटरांत; म्हणजे दृष्टिरेषा १८° वर जाते. त्या रेषेने वीस मीटर पुढे गेलो तर आठ मीटरांपेक्षा बुटके काहीही दिसणार नाही. अंगणातला कडुनिंब पाच मीटरांचा आहे. खिडकी पूर्ण उघडली असती तरी आक्कांना तो दिसला नसता! हे मोजायला पट्टी, दोरा आणि नववीचे भूमितीचे ज्ञान पुरते. आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन मुलांकडून ते करवून घ्यावे. एक उदबत्ती बरोबर असू द्यावी, धूर कुठून कुठे जातो तेही कळेल. वर्गातल्या पहिल्या बाकावरून काय दिसते तेही लगे हाथ मोजावे.

डॉक्टरांशी आम्ही बोललो. भला माणूस. दुधी कागद त्यांनी काढायला लावला, तावदानांचे स्क्रू काढले, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास यंत्र बंद ठेवून खिडकी उघडी ठेवायचे ठरले. जिन्याखालची बाकडी बाहेर पोर्चमध्ये आली. खाट फिरवून तिची डोक्याकडची बाजू उचलली, तेव्हा आक्कांना कडुनिंबाचा शेंडा आणि त्याच्या पलीकडे तासगावकडे जाणारा रस्ता दिसू लागला. आक्का कडुनिंबाकडे फारसे पाहत नसत. एस.टी. गाड्या, द्राक्षांच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो, शाळा सुटल्यावरची सायकलींची रांग यांवर त्यांचे लक्ष असे. आक्का त्यामुळे लवकर बऱ्या झाल्या का, असे आम्हाला पुष्कळांनी विचारले. एका रुग्णावरून, तेही तुलनेला दुसरा रुग्ण नसताना, काही सांगता येत नाही. आक्कांना विचारावे तर त्या म्हणत, "आज साडेनवाची तासगाव आलीच न्हाई, बघा."